वीतभर इंजिनाचा मिस्त्री

९ जून २०२४, रविवार. सकाळी सव्वाअकरा वाजता सिद्धोधन खिल्लारे यांनी माझ्या डोळ्यांदेखत ११,४५० रुपयांची एक वस्तू जाळली. वस्तू अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी होती. जळायला सेकंदही लागला नाही. पापड मोडावा एवढा आवाज झाला आणि मागोमाग वास आला. मोटर रिवायंडिंगच्या दुकानात असा वास रोजचाच. पण एरवी जळलेली वस्तू बाहेरून येते. ही दुकानात जळली, आणि ती दुसऱ्याची होती.

सिद्धोधन टेस्टिंगच्या वायरची दोन टोकं दोन हातांत धरून तसेच बसले होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"हात गेला," ते म्हणाले.

हात कुठं गेला आणि का गेला, हे कळायला या माणसाची आधी ओळख करून द्यायला हवी.

परभणीत वसमत रोडला सिद्धोधन यांचं रिवायंडिंगचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. एकतीस वर्षं त्यांनी विहिरीतल्या आणि बोअरमधल्या पाणबुडी मोटरी भरल्या. जळालेली मोटर खोलायची, आतली करपलेली तांब्याची तार काढायची, वळसे मोजायचे, तेवढेच वळसे नव्या तारेचे भरायचे, वॉर्निश मारायचं, सुकवायचं. मार्च ते जून त्यांच्या दारात मोटरींची आणि त्या आणणाऱ्यांची रांग असते. पाणी बंद पडलेला माणूस गोड बोलत नाही. तरी सिद्धोधन यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही.

त्यांची एक पद्धत मला पहिल्या दिवसापासून आवडली. प्रत्येक मोटरीची नोंद ते वहीत करतात. गाव, मालकाचं नाव, किती एचपी, कुठल्या जाडीची तार, किती वळसे. अशा एकोणीस वह्या त्यांच्याकडे आहेत. एखादी मोटर आठ वर्षांनी परत आली तरी वळसे पुन्हा मोजावे लागत नाहीत. आणखी एक खूण त्या वह्यांत आहे. एखादी मोटर त्यांच्याच चुकीनं बिघडली तर नोंदीपुढे ते 'माझ्याकडून' असं लिहितात. ती मोटर ते स्वतःच्या खर्चानं पुन्हा भरून देतात. एकतीस वर्षांत 'माझ्याकडून' हा शब्द अकरा वेळा आला आहे. मी मोजला.

माझी त्यांची ओळख पोखर्णीच्या आमच्या विहिरीवरच्या मोटरीमुळे झाली. मी कृषी विद्यापीठाच्या लेखा शाखेत आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. मला एक छंद आहे, जो आमच्या कार्यालयात फारसा कुणाला माहीत नाही. घरच्या माडीवर मी एका मोठ्या फळीवर छोटे रूळ मांडले आहेत. त्यावर खऱ्या इंजिनाच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी, म्हणजे साधारण वीतभर लांबीची इंजिनं धावतात. सहा वर्षांपूर्वी त्यातलं एक बंद पडलं. आतली मोटर करंगळीच्या पेराएवढी. मी ती भीत भीत सिद्धोधन यांच्याकडे नेली. त्यांनी चष्म्यावर दुसरा चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हिला किती पाणी लागतं सायेब?"

चौथ्या दिवशी ती मोटर त्यांनी भरून दिली. तार केसाएवढी. वळसे वहीत लिहिलेले. गावाच्या रकान्यात 'माडी'.

तिथून त्यांना या कामाची गोडी लागली. माझ्या पाच इंजिनांत डिकोडर त्यांनीच बसवले. डिकोडर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. जुन्या पद्धतीत रुळात वीज वाढवली की इंजिन पळतं, कमी केली की थांबतं. रुळावर दोन इंजिनं असली तर दोन्ही एकदम पळतात. नव्या पद्धतीत रुळात वीज कायम असते आणि हातातल्या कंट्रोलरमधून प्रत्येक इंजिनाला त्याच्या नंबरानं हुकूम जातो. तो हुकूम समजून घेणारी चिमुकली पाटी इंजिनाच्या पोटात बसवतात, ती डिकोडर. तीच मोटर चालवते, दिवे लावते, आणि महागातली असेल तर छोट्या स्पीकरमधून खऱ्या इंजिनाचा आवाजही काढते. ती बसवली की काम संपत नाही, सुरू होतं. तिच्यात शेकडो खणांचं एक कपाट आहे असं समजा. प्रत्येक खणाला नंबर आणि प्रत्येक खणात शून्य ते दोनशे पंचावन्न यांतला एक आकडा. दुसऱ्या खणातला आकडा इंजिन किती विजेवर हलायला लागेल ते ठरवतो, तिसऱ्यातला वेग किती सावकाश वाढेल ते, चौथ्यातला थांबायला किती वेळ घेईल ते. आकडा चुकला तर इंजिन बेडकासारखी उडी मारतं. बरोबर बसला तर मालगाडी सुटावी तसं सुटतं.

वळसे मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे काम परकं वाटलं नाही. सिद्धोधन यांनी यासाठी विसावी वही काढली. माझ्या इंजिनांपुढे गाव तिथंही 'माडी'.

२०२३च्या एप्रिलमध्ये टेंपोतून साडेसात एचपीची मोटर उतरवताना त्यांच्या कमरेत उसण भरावी तसं झालं. उसण नव्हती, मणक्यातली गादी सरकली होती. दोन महिने झोपून काढले. डॉक्टरांनी सांगितलं, दहा किलोच्या वर काही उचलायचं नाही. शेतातली पाणबुडी मोटर तीस-चाळीस किलोच्या आत येतच नाही. मदतीला ठेवलेली माणसं टिकली नाहीत, काम निम्म्यावर आलं. दैवशालाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, ब्लाउज शिवतात, त्यावर घर चालायला लागलं. दैवशालाबाईंच्या भावानं कापसाच्या एका जिनिंगवर वॉचमनची जागा त्यांच्यासाठी धरून ठेवली होती. एक जुलैपर्यंत हो-नाही सांगायचं होतं. बारा तास खुर्चीत बसायचं आणि गेट उघडायचं. सिद्धोधन त्या जागेला वाईट म्हणत नसत. फक्त तो विषय निघाला की ते हातातलं काम अधिक बारकाईनं करायला लागत.

म्हणून मी राजेश्री मॅडमना फोन केला होता. त्या नांदेडला कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. छोट्या रेल्वेचा छंद असलेल्या नांदेड-हैदराबादकडच्या पंधरा-वीस लोकांच्या त्या म्होरक्या. या मंडळींकडे चाळीसेक जुनी इंजिनं आवाजाविना पडून आहेत आणि ती बसवून देणारा माणूस जवळपास नाही. मॅडम म्हणाल्या, "एक इंजिन आणि एक डिकोडर पाठवते. मनासारखं झालं तर महिन्याला पाच. इंजिनामागे अठराशे मजुरी. बिघडवलं तर पुन्हा फोन करू नका."

बसून करायचं काम, आवडीचं काम आणि घर चालेल एवढे पैसे. सगळं त्या एका इंजिनावर होतं.

मॅडमचं इंजिन जुन्या पद्धतीचं डिझेल होतं. अशा इंजिनात मोटरीचं एक टोक थेट धातूच्या सांगाड्याला टेकलेलं असतं. डिकोडर बसवायचा तर मोटर सांगाड्यापासून पूर्ण वेगळी करावी लागते, नाहीतर डिकोडर जळतो. सिद्धोधन यांनी ती वेगळी केली, मधे पिवळी टेप घातली, मीटर लावून तपासली. नारिंगी आणि करडी वायर मोटरीला, लाल आणि काळी चाकांकडच्या पत्र्यांना. स्पीकर डिझेलच्या टाकीच्या जागी. सगळं चोख. रविवारी सकाळी माझा कंट्रोलर घेऊन मी दुकानात गेलो. आम्ही सव्वा तास ते चालवलं. खणातले आकडे बदलत गेलो आणि ते वहीत उतरवत गेलो. इंजिन मुंगीच्या चालीनं रूळभर फिरलं.

"झालं," सिद्धोधन म्हणाले. मग त्यांनी इंजिन रुळावरून उचललं, वरचं कवच काढलं आणि त्यांचा हात भिंतीवरच्या सिरीज बोर्डाकडे गेला.

सिरीज बोर्ड म्हणजे शंभरचा एक बल्ब आणि त्यातून निघालेल्या दोन वायरी. मोटर गिऱ्हाइकाला देण्याआधी एक टोक वाइंडिंगला लावायचं, दुसरं मोटरीच्या बॉडीला. बल्ब पेटला नाही तर मोटर ठीक, वीज बॉडीत उतरत नाही. ही शेवटची तपासणी केल्याशिवाय त्यांनी एकतीस वर्षांत एकही मोटर दाराबाहेर सोडली नाही. तशीच त्यांनी ही केली. फक्त आता मोटरीला डिकोडर जोडलेला होता, बारा-पंधरा व्होल्टवर जगणारा. त्याच्यातून घरची दोनशे तीसची वीज गेली. बल्बची तार क्षणभर लाल झाली आणि विझली.

जी सवय त्यांचं नाव राखत आली, तिनंच घात केला.

दुकानात तेव्हा आणखी एक माणूस होता. किशनराव, मूळचे वालूरचे, रेल्वेत डिझेल इंजिनाचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. वय एकाहत्तर. शेजारच्याच गल्लीत राहतात आणि फुकट पेपर वाचायला रोज दुकानात येतात. त्यांनी पेपर खाली केला.

"मेलं का?"

"मेलं, मामा."

"मग कामून तोंड पाडून बसलास? आला तसाच मेलेला होता म्हणाव. ती बाई नांदेडला. कोण बघायला आलंय?"

सिद्धोधन यांनी हातातल्या वायरी बोर्डावर परत अडकवल्या. खरं सांगायचं तर माझ्या मनात तोच विचार येऊन गेला होता. नवी वस्तू दुकानातून खराब निघते, असं होतं कधी कधी. आतून चहा घेऊन दैवशालाबाई आल्या. वासावरून त्यांना कळलं असावं.

"कुणाचं जळालं?"

"मॅडमचं," सिद्धोधन म्हणाले.

त्यांनी कप ठेवले. "मग सांगा की त्यांना. बघत काय बसलाव?"

"अगं पण काम जाईल त्याचं," किशनराव म्हणाले.

"जाऊ द्या. एकतीस वर्षं 'माझ्याकडून' लिहायलेत, आता काय 'मॅडमकडून' लिहावं म्हणता?"

किशनरावांनी पेपर पुन्हा वर केला. सिद्धोधन यांनी विसावी वही ओढली, नोंदीपुढे तो शब्द लिहिला आणि मला म्हणाले, "सायेब, लावा फोन."

मी फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, परभणीहून सिद्धोधन खिल्लारे बोलायलोय. तुमचा डिकोडर जळाला. माझ्या हातानं जळाला."

"कसा?"

"टेस्टिंगचा बल्ब लावला."

"कसला बल्ब?"

"मोटरीचा. सिरीजचा."

"म्हणजे दोनशे तीस व्होल्ट? त्या डिकोडरला?"

"हो."

"कशासाठी?"

"एकतीस वर्षं लावतो म्हणून."

पलीकडे त्या कुणाला तरी गॅस बारीक कर म्हणाल्या. मग परत आल्या. "जळायच्या आधी चाललं होतं का?"

"सव्वा तास चाललं."

"अगदी कमी वेगाला?"

"एक वीत जायला चाळीस सेकंद. झटका न्हाई."

"आकडे लिहून ठेवलेत?"

"वहीत हायत."

"वाचा."

सिद्धोधन यांनी वही वाचली. खण दोन, आकडा चार. खण तीन, आकडा बारा. असे सव्वीस खण. पलीकडून पेनचा आवाज येत होता. शेवटी मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्या डिकोडरचा खर्च मी करणार नाही."

"तो मी करणार हाय."

"तीस तारखेला परभणीत माझ्या भाचीचा साखरपुडा आहे. दुपारी चारला तुमच्याकडे येते. तयार असेल तर बघते. नसेल तर इंजिन घेऊन जाते. त्यात राग नाही."

फोन बंद झाल्यावर किशनराव पेपराआडून म्हणाले, "बाई लय कडक हाय. रेल्वेत असती तर आमच्या साहेबाला घाम फुटला असता."

दुसऱ्या डिकोडरला लागणारी रक्कम सिद्धोधन यांच्याकडे लगेच नव्हती. मी देऊ केली.

"तुमी द्याल," ते म्हणाले, "पण मग गलती तुमची झाली."

दोन दिवसांनी त्यांनी दुकानातली चेन-पुली विकली. छताच्या लोखंडी तुळईला टांगलेली ती साखळीची कप्पी, जिच्यावर मोटरी वर उचलायच्या. मानवतचा एक रिवायंडिंगवाला घेऊन गेला. मी त्यांना आधीच म्हणालो होतो की चालत्या धंद्याचं हत्यार विकू नये. वाणिज्य शाखेत पहिल्या वर्षालाच हे शिकवतात.

"सायेब, धंदा कुठं चालतोय? उचलायचंच न्हाई तर कप्पी कशाला?"

"आणि हे काम आलं नाही तर?"

"तर गेट उघडायला कप्पी लागत न्हाई."

बंगळूरहून दुसरा डिकोडर अठरा तारखेला आला. या वेळी सिद्धोधन यांनी एक बदल केला. 'पुढच्या वेळी लक्ष ठेवीन' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांनी कामाची जागाच हलवली. दुकानातलं टेबल सोडून मागच्या खोलीत, खिडकीशी, दैवशालाबाईंच्या शिलाई मशिनीशेजारी पाट मांडून बसले. मी कारण विचारलं.

"हाताला सांगून कळत न्हाई. त्याला एकतीस वर्षांची शिकवण हाय. मग बोर्डच हाताला सापडू नये."

"इकडं वायरी आणल्या तर मी सुईच टोचीन," दैवशालाबाई मशीन चालवत म्हणाल्या. "आणि माझी कात्री घ्यायची न्हाई. टेप कापून कापून बोथट करायलेत."

बसवण्याचं काम तीन दिवसांत झालं. आकडे वहीतून तसेच भरले. इंजिन पूर्वीसारखंच चालायला लागलं. इथं थांबलं असतं तरी चाललं असतं. पण किशनरावांनी पहिल्यांदाच ते नीट बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे डिझेल न्हाई. ही ऑटो हाय."

"कामून मामा? आवाज तर खऱ्याचाच भरलाय."

"आवाज खरा हाय, पण आवाज निघाला की लगेच पळायलंय. मागं अडतीस डबे मालगाडी असली की असं होत न्हाई. नॉच दिला, म्हणजे हँडल एक घर पुढं सरकवलं, की इंजिन आधी भरतं. आवाज चढतो. मग जोड ताणले जातात, खडखड मागपर्यंत जाते. मग हलतं. ड्रायव्हर तोवर बिडी शिलगावतो."

"तुमी ओढायचे बिडी?"

"नियमात बसत न्हाई. पण वेळ तेवढा मिळतो, एवढंच सांगायलोय."

आवाज चढणं आणि गाडी हलणं यांच्यामधला वेळ ठरवायचीही सोय डिकोडरमध्ये असते. किती ठेवायचा हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं, तो किशनरावांच्या अंगात होता. मग असं ठरलं: त्यांनी डोळे मिटून खाटेवर बसायचं, फक्त ऐकायचं, आणि त्यांच्या मते गाडी ज्या क्षणी हलायला हवी त्या क्षणी हात वर करायचा. सिद्धोधन कंट्रोलर धरणार. मी लिहिणार.

पहिल्या वेळी इंजिन निघून अर्धा रूळ गेलं तेव्हा किशनरावांचा हात वर आला. सिद्धोधन यांनी आकडा वाढवला. पुन्हा. इंजिन हातभर पुढे, मग हात. पुन्हा आकडा. सहाव्या वेळी हात वर आला आणि इंजिन जागेवरच घरघरत राहिलं.

"आता जास्त झालं," मी म्हणालो.

"डोळे उघडू का?"

"न्हाई मामा, बसा तसेच."

दैवशालाबाईंची मशीन कधी थांबली ते कळलं नाही. त्या हातात कापड धरून बघत होत्या. नवव्या वेळी इंजिनाचा आवाज चढला, भरला, किशनरावांचा हात मांडीवरून उठला आणि त्याच क्षणी चाकं फिरली. किशनराव डोळे मिटूनच म्हणाले, "निघाली ना? मला कळालं."

मी आकडा लिहिला. सिद्धोधन यांनी वही ओढून घेतली आणि नोंदीपुढे 'किशनमामाकडून' असं लिहिलं. किशनरावांना ते वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, "लिहिलंस ते ठीक. चहा काय फक्त वहीलाच पाजणार का?"

तीस तारीख उजाडली. मॅडम चार वाजून दहा मिनिटांनी ऑटोतून उतरल्या. अंगावर साखरपुड्याची रेशमी साडी, डोक्यावर पांढरे केस बारीक कापलेले, हातात पर्सबरोबर एक मीटर. सिद्धोधन यांनी नमस्कार केला. मॅडमनी दुकानात भिंतीकडे बघून विचारलं, "हाच का तो बल्ब?"

"हाच."

"इंजिन कुठंय?"

"मागच्या खोलीत. इथं आणत न्हाई."

मॅडम मागच्या खोलीत आल्या आणि सरळ पाटासमोर जमिनीवर बसल्या. आधी कवच काढायला सांगितलं. सोल्डरच्या प्रत्येक टाक्याला नखानं ढकलून बघितलं. वायर कुठं घासते का ते बघितलं. काळी वायर फिरणाऱ्या चकतीच्या जवळून जात होती, ती बाजूला बांधायला लावली. सिद्धोधन यांनी तिथल्या तिथे बांधली. मग इंजिन रुळावर आलं. सुटताना आवाज चढला, थांबला, चाकं सावकाश फिरली. मॅडमनी ते चार वेळा करायला लावलं. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. लेखापरीक्षणाला येणारे काही अधिकारी असेच बघतात. फाइल ठीक आहे की नाही ते शेवटपर्यंत कळू देत नाहीत.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि उठायला लागल्या.

सिद्धोधन म्हणाले, "मॅडम, अजून एक हाय."

"काय?"

"पूर्ण आवाजात भोंगा दिला की आवाज जरा फुटायलाय. स्पीकरच्या डबीला एका कडेनं हवा जायलीय. सकाळीच ध्यानात आलं. नवी डबी चिकटवली तर सुकायला दिवस लागतो, म्हणून तशीच ठेवली."

मॅडम परत बसल्या. त्यांनी भोंगा वाजवायला लावला. कान इंजिनाजवळ नेला. मलाही तेव्हाच ती फरफर ऐकू आली, त्याआधी आली नव्हती.

"आवाजाचा आकडा कमी केला असता तर हे मला कळलं नसतं," मॅडम म्हणाल्या.

"नसतं कळलं."

"मग का नाही केला?"

"मग घरी गेल्यावर तुमी तो वाढवला असता."

किशनराव खाटेवर हसले. मॅडम हसल्या नाहीत, पण मीटर पर्समध्ये ठेवला. "इंजिन राहू दे इथं. डबी बदला. तोवर मी दोन आणखी पाठवते. महिन्याला दोन, पाच नाही. चार महिने बघू. पंधराशे मजुरी."

दाराशी उभ्या दैवशालाबाई म्हणाल्या, "अठराशे ठरले होते."

"ते बल्बाच्या आधी, बाई."

"बल्बाचं आमी भरलंय की. कप्पी विकून. मग ते त्यातून वजा झालं."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. "सतराशे," मॅडम म्हणाल्या.

"बसा, चहा ठेवते," दैवशालाबाई म्हणाल्या. सौदा झाल्याचा त्यांचा हाच शब्द.

चहा पिताना मॅडमनी विसावी वही मागून घेतली आणि बराच वेळ चाळली. 'माडी' हे गाव कुठं आलं, असं त्यांनी विचारलं. सिद्धोधन यांनी माझ्याकडे बोट केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धोधन यांनी मेहुण्याला फोन करून जिनिंगची जागा दुसऱ्याला द्यायला सांगितली. महिन्याला दोन इंजिनांवर घर चालत नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. लहान पंखे, मिक्सर, दहा किलोच्या आतली कामं ते घेतातच. दैवशालाबाईंची मशीन चालू आहे. पण परवा मी गेलो तेव्हा ते खिडकीशी पाटावर बसून एका स्पीकरच्या डबीला कडेनं चिकट लावत होते आणि शीळ घालत होते. गेल्या वर्षभरात त्यांची शीळ मी ऐकली नव्हती. मधेच मशिनीवरून आवाज आला, "कात्री कुठाय माझी?" शीळ थांबली.

१३ जुलैला, शनिवारी, नांदेडहून दोन इंजिनांचं पार्सल एसटीनं आलं. पैसे इकडे भरायचे होते. सिद्धोधन यांना घेऊन मी स्कूटरवर स्टँडला गेलो. खोकं तीन किलोचं. त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि स्कूटर सावकाश चालवायला सांगितलं. पार्सल खिडकीवर पाकीट काढायला गेले तर ते घरच्या शर्टात राहिलेलं. १६० रुपये मी भरले. पावती माझ्याकडे आहे. ते १६० रुपये सिद्धोधन यांच्याकडून अद्याप येणे आहेत.